हिरव्याची काच निळी

माझ्या सासूबाईंचं वय शहाऐंशी. लग्नाआधीची सगळी वर्षं त्यांनी कोकणात काढली आणि त्यातल्या प्रत्येक तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेनं पुसली. लग्न होऊन लालबागला आल्या तेव्हा चाळीच्या खोलीत विजेचा दिवा होता. तो बघून त्यांना नवऱ्याहून जास्त आनंद झाला, असं त्या स्वतःच सांगतात. तेव्हापासून त्यांनी कंदिलाचं तोंड पाहिलं नाही. त्यामुळे एका शनिवारी मी चोरबाजारातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू घरी आणून स्टुलावर ठेवली, तेव्हा त्यांनी एकदा वस्तूकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"केवढ्याला?"

मी निम्मी किंमत सांगितली.

"आम्ही हे टाकून दिलं, आणि तू पैसे मोजून आणतेस. बँकेत तीस वर्षं हेच केलंस काय गो?"

वस्तू होती रेल्वेच्या गार्डाची बत्ती. काळा रंग पोपडे धरून उडालेला पत्र्याचा डबा, डोक्यावर भोकाभोकांचं टोपण, पाठीला दुमडणारी मूठ आणि पुढे अर्ध्या लिंबासारखं फुगीर भिंग. टोपण फिरवलं की आतली नळी फिरते. मग भिंगामागे कधी लाल काच येते, कधी हिरवी, आणि कधी काहीच येत नाही, म्हणजे पांढरा उजेड. फिरवताना 'खट्' असा आवाज होतो. खरं सांगायचं तर मी त्या आवाजावर भाळले. पत्रा, काच, इतिहास हे सगळं नंतर आलं.

आता माझ्याकडे अशा पाच वस्तू आहेत. दोन हातबत्त्या, गाडीच्या शेपटीला लावायचा एक लाल दिवा, हाताच्या सिग्नलला असतो तो लोखंडी चष्मा (एक काच फुटलेला) आणि एक शुद्ध फसवणूक. फसवणूक पितळेची आहे, लखलखीत आहे आणि तिच्यावर लंडनचं नाव कोरलेलं आहे. टोपण मात्र फिरत नाही. बाळबोध चूक होती. कामाच्या बत्त्या बहुतेक पत्र्याच्याच असायच्या. रोज तेलात आणि पावसात राहणाऱ्या वस्तूला कोण सोन्यासारखं सजवणार? तेव्हापासून मी वस्तू बघत नाही, हुंगते. टोपण उघडायचं आणि नाक आत घालायचं. रॉकेल आणि काजळी यांचा वास आला तर पुढचं बोलणं. ब्रासोचा वास आला तर "फिर आऊंगी". मटन स्ट्रीटवरच्या दोन-तीन दुकानांत माझी ओळख आता 'सूंघनेवाली मॅडम' अशी आहे.

आमच्या ह्यांची नोकरी कोर्टात गेली. त्यांनी पहिल्या बत्तीकडे पाहिलं ते कौतुकानं नव्हे, कलमाच्या नजरेनं. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा एक स्वतंत्र कायदा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ही माहिती त्यांनी मला रात्री दिवा मालवल्यावर दिली. वस्तू रेल्वेची आणि चोरीची असल्याचा रास्त संशय आला, तर ती आपल्याकडे सरळ मार्गानं आली हे आपण दाखवायचं, असंही म्हणाले. मग घोरू लागले. मी जागी.

सरळ मार्ग असतो. रेल्वे आपलं भंगार लिलावात विकते. तिथून ते घाऊक भंगारवाल्याकडे आणि त्याच्याकडून गल्लीत येतं. पण मला कागद हवा होता. पुढच्या शनिवारी मी दुकानात जाऊन पावती मागितली. दुकानदारानं चहाचा ग्लास खाली ठेवला. आजूबाजूच्या दोघांना बोलावलं. "मॅडम को चोरबाजार में रसीद मांगता है." तिघं मनापासून हसले. शेवटी त्यानं कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलं, 'एक पुराना बत्ती, नगद मिला', आणि खाली सही ठोकली. ती पत्रिका आमच्या कपाटात, विम्याच्या कागदांबरोबर आहे.

त्या पहिल्या बत्तीवर ठोकलेली अक्षरं आहेत जी.आय.पी.आर. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं लावून, ती ह्याच कंपनीची. गाडी दुपारी साडेतीनला सुटली होती, तेव्हा बत्तीचं काम पडलं नसावं. दुसऱ्या बत्तीवर बी.बी. अँड सी.आय. आहे, बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया. ५ नोव्हेंबर १९५१ ला पहिलीतून मध्य आणि दुसरीतून पश्चिम रेल्वे झाली, म्हणजे दोन्ही बत्त्या माझ्याहून थोरल्या.

माझं माहेर गिरगावचं. चर्नी रोडच्या पुलावरून गाड्या बघत मी वाढले. सासर करी रोडच्या रुळाला लागून. म्हणजे मी एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत दिली गेले, आणि दोन्ही कंपन्या जिथे शेजारी येऊन उभ्या राहतात त्या दादरला माझं लग्न लागलं. वऱ्हाडाला सोयीचं, एवढंच त्यामागचं कारण होतं. मुंबईतली निम्मी लग्नं दादरला का लागतात, ह्याचं उत्तर पंचांगात शोधू नये, रेल्वेच्या नकाशात शोधावं. दोन्ही बत्त्या मी एकाच फळीवर ठेवल्या आहेत. माहेरची जराशी पुढे सरकलेली असते. ह्यांच्या ते लक्षात आलेलं नाही.

फळीवर ठेवून किती दिवस बघणार? आपल्याकडे वस्तूला काम हवं; बिनकामाची वस्तू आणि बिनकामाचा माणूस घरात खुपतोच. सासूबाई रोज विचारायच्या, "ह्याचं करायचं काय?" माझ्या एका दादरच्या मैत्रिणीनं तिच्याकडच्या दिव्यात मनी प्लांट लावलाय. लोअर परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका हॉटेलात मी असे आठ-दहा दिवे छताला उलटे टांगलेले पाहिले. लाल उजेड पडल्यामुळे मेनूतले आकडे दिसत नव्हते. ती सोय मुद्दाम केली असावी. उलटा टांगलेला गार्डाचा दिवा मला वटवाघळासारखा दिसला आणि मी सूप न संपवता उठले.

मी ठरवलं, आपण बत्तीचा टेबललॅम्प करायचा. लोहार चाळीतून होल्डर, वायर आणि छोटा एलईडी बल्ब आणला. चाळीतल्या वायरमननं पत्र्याला भोक न पाडता, वातीच्या जागेतूनच वायर घेतली, त्याबद्दल त्याला दोन वेळा चहा पाजला. रात्री पांढऱ्यावर लावून पुस्तक उघडलं. पुस्तकावर पोळीच्या लाटीएवढा एक गोल उजेड पडला. त्यात दीड ओळ मावली. पुस्तक सरकवत वाचावं तर हात दुखतो. बत्ती सरकवावी तर ती ह्यांच्या डोळ्यांवर जाते. "काय झालं? कुठलं स्टेशन?" असं ते एकदा झोपेत म्हणाले.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. कंदील आपल्याला दिसावं म्हणून असतो. बत्ती आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून. तिचं भिंग सगळा उजेड गोळा करून एका दिशेला दूर फेकतं, आणि जो ती धरून उभा असतो त्याच्या पायाखाली अंधारच राहतो. घरात सगळे जवळ. दूरचं असं कुणी नाहीच, मग बत्ती बोलणार कुणाशी?

हे मी तळमजल्यावरच्या गार्डकाकांना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. ते मध्य रेल्वेत गार्ड होते. मालगाड्या, मग पॅसेंजर, मग मेल. कसाऱ्याच्या घाटात रात्री ब्रेकव्हॅनमध्ये एकटे बसत. पुढे इंजिन, मधे पन्नासभर वाघिणी आणि मागे हे. "ड्रायव्हरचं आणि माझं बोलणं ह्या बत्तीतून. लोकलवाले काय, दोन घंटा मारल्या की सुटले." सरकारनं २०२२ मध्ये गार्ड हे नाव काढून ट्रेन मॅनेजर केलं. काका त्याआधीच निवृत्त झाले होते. नाहीतर मुलांनी मॅनेजरकाका म्हणायला कमी केलं नसतं, आणि ते नाव त्यांच्या बनियनला शोभलं नसतं.

काकांना मी बत्ती दाखवायला नेली ती मात्र तक्रार घेऊन. हिरव्यावर फिरवली की एलईडीचा उजेड निळा पडत होता. चक्क निळा. काच बाहेर काढून उन्हात धरली तर तीही मोरपिशी निळी. म्हणजे ही पण बनावट? लग्नपत्रिकेवरची सही आठवून मला घाम फुटला.

काकांनी काच हातात घेतली, लुंगीला पुसली आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "वहिनी, ही हिरवीच आहे. दिवा तुमचा चुकला."

रॉकेलची ज्योत पिवळी जळते. तिच्यात निळा अंश नसल्यात जमा. तिच्यापुढे आपल्या डोळ्याला हिरवी वाटणारी काच धरली तर उजेड पिवळटच दिसणार, आणि दुरून तो पांढऱ्यात मिसळणार. म्हणून काच मुद्दाम निळसर ठेवत. पिवळ्या ज्योतीतून जे गाळून बाहेर पडेल ते हिरवं दिसावं, असा हिशेब. माझ्या लोखंडी चष्म्यातली शाबूत काच निळी का, ह्याचाही उलगडा झाला. तोवर मी ती कुणीतरी बदलली असं धरून चालले होते.

"रॉकेल टाकून बघू," मी म्हणाले.

"रॉकेल कुठून आणता? रेशनवर बंद होऊन जमाना झाला."

सासूबाई वरून कठड्यावर वाकून ऐकत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, पण रॉकेल हा शब्द त्यांना तीन मजल्यांवरून ऐकू येतो; त्या शब्दासाठी त्यांनी हयातभर रांगा लावल्या आहेत. हळूहळू, कठडा धरत, त्या खाली आल्या. कनवटीला मेणबत्तीचं बुटकं होतं. वीज गेली तर म्हणून त्या ते नेहमी जवळ ठेवतात. वीज जात नाही, तरी ठेवतात. बुटकं बत्तीत बसवण्याआधी त्यांनी त्याच्या वातीचं जळकं टोक नखानं खुडलं. "वात सारखी नसली की काजळी धरते," हे त्या काकांना सांगत होत्या आणि तीस वर्षं वाती कापलेले काका मान डोलावत होते. जिन्याखालच्या अंधारात काकांनी टोपण फिरवलं. समोरच्या भिंतीवर, मीटरच्या पेट्यांवर, अगदी सिग्नलसारखा हिरवा गोल पडला.

"बघा," काका म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण बुटकं परत मागितलंही नाही.

त्या संध्याकाळी काका सुटले. एकेकाळी विलायतेत पांढरा दिवा म्हणजे जा, हिरवा म्हणजे जपून आणि लाल म्हणजे थांब, अशी रीत होती. अडचण अशी की लाल काच फुटून पडली की दिवा पांढरा, म्हणजे जा! शिवाय गावातल्या घराघरांत पांढरेच दिवे. १८९० च्या दशकात तिथे पांढऱ्याला हटवून हिरव्याला 'जा' केलं. आणि हाती लाल नसेलच, तर? "पांढरी बत्ती अंगासमोर आडवी जोरजोरात हलवायची. तीसुद्धा लालच समजायची." मग शेपटीच्या दिव्याची गोष्ट. गाडी स्टेशनातून जाताना स्टेशनातली माणसं इंजिनाकडे नाही, शेवटच्या डब्याकडे बघतात. शेपटीचा लाल दिवा दिसला म्हणजे गाडी अख्खी आली. नाही दिसला तर काही डबे मागे सुटले असतील, मग पुढची गाडी सोडायची नाही. मला हे फार आवडलं. आमच्या सासूबाई रात्री सगळ्यांच्या चपला मोजल्याशिवाय कडी लावत नाहीत, तो हाच नियम.

सिग्नल 'पडला' असं आपण का म्हणतो, तेही काकांनी सांगितलं. जुन्या सिग्नलचा हात आडवा म्हणजे थांबा. तो खाली झुकला, पडला, की गाडी निघायची. आता खांबावर हात नाही, नुसते दिवे, तरी 'सिग्नल पडला' हे भाषेत टिकून आहे. पडणं शुभ असलेली मराठीतली दुसरी गोष्ट म्हणजे पाऊस. तोही आमच्या रुळांवर पडला तर नाही.

आमच्या भागात बत्तीची नोकरी फार आधी गेली. हिंदुस्थानातले पहिले आपोआप चालणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल १९२८ साली ह्याच जी.आय.पी.नं व्हीटी ते भायखळा बसवले आणि पुढच्या वर्षी ते भायखळ्याहून कुर्ल्यापर्यंत, म्हणजे आमच्या खिडकीसमोरून गेले. शिडी घेऊन खांबावर चढणारा, टाकीत तेल भरणारा माणूस इथून तेव्हाच हलला असणार. आणि त्याच १९२८ साली, रुळाच्या पलीकडे, गिरण्यांतून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिला सगळे लाल बावटा म्हणत. गाडी थांबवायला गार्ड दिवसा जो दाखवतो त्यालाही लाल बावटाच म्हणतात. त्या वर्षी तो दाखवला गेला आणि गिरण्या काही महिने थांबल्या. एकाच वस्तीत, एकाच रंगाला दोन ठिकाणी नोकरी होती. आता गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आहेत आणि त्यांच्या टोकालाही लाल दिवेच आहेत, विमानांसाठी.

माझा न्यू जर्सीचा भाचा म्हणाला, "मावशी, एक मला दे ना, इथे फार्महाऊस लुक येईल." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी लगेच १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा काढला: शंभर वर्षं उलटलेली वस्तू अशी बॅगेत घालून देशाबाहेर नेता येत नाही. आमच्या बत्तीचं नेमकं वय कुणालाच ठाऊक नाही, पण त्या दिवशी ते मी एकशे पाच धरलं. कायद्याचा माणूस घरात असल्याचा असा उपयोग लग्नानंतर पहिल्यांदाच झाला.

लोहार चाळीतून मी दुसरा, पिवळसर उजेडाचा बल्ब आणला आणि हिरवा पुन्हा हिरवा झाला. दिवाळी आली. ह्या वर्षी आकाशकंदील विकत आणायचा नाही, असं मी जाहीर केलं. वसुबारसेच्या संध्याकाळी जी.आय.पी.ची बत्ती गॅलरीच्या आढ्याला टांगली. सणाला शोभेल म्हणून लालवर ठेवली. भिंगाचं तोंड अर्थातच बाहेर. आकाशकंदील काय भिंतीकडे तोंड करून लावतात? खालून वायरमनची मुलं ओरडली, "मस्त!" मी रांगोळी काढायला बसले.

ठिपके मांडून होत नाहीत तोवर जिन्यात धपधप पावलं वाजली. काका. दोन गुडघे बदलून घेतलेला माणूस दोन मजले चढून आला होता, एकट्यानं, बनियनवर.

"वहिनी, आधी ती उतरवा."

"अहो काका, दिवाळी आहे."

"मोटरमनला काय माहीत दिवाळी?"

मी बाहेर पाहिलं. खाली, पन्नास पावलांवर, रूळ. वळणावरून कुर्ल्याकडची एक फास्ट येत होती. "काका, त्यांचे सिग्नल खांबावर असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कोण बघतंय?"

"लाल आहे ना?"

"आहे."

"मग?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ह्यांच्याकडे असावं, असं वाटून मी वळून पाहिलं, तर ते आधीच स्टूल घेऊन आले होते. काकांनी त्यांना चढू दिलं नाही. स्वतः हात उंचावून बत्ती उतरवली, मुठीत अशी धरली की भिंग त्यांच्या पोटाशी झाकलं गेलं, आणि फास्ट धडधडत पूर्ण निघून जाईपर्यंत तसेच उभे राहिले. नजर शेवटच्या डब्यावर. मग त्यांनी ती खोलीच्या आत, दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवली. तोंड स्वयंपाकघराकडे.

"इथे लावा. हवी तेवढी लावा."

तेवढ्यात सासूबाई चकल्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ताट. उंबऱ्याशी त्यांच्या तोंडावर लाल गोल पडला. त्या थांबल्या. वर पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि ताट सावरत तशाच उभ्या राहिल्या.

काकांनी हात वर करून टोपण फिरवलं. खट्.

सासूबाई निघाल्या.